इलेक्ट्रिक कारची टेस्ट ड्राइव्ह: पहिली पाच मिनिटं सोडून द्या

शोरूममधून इलेक्ट्रिक कार चालवून परतलेला माणूस बहुतेक वेळा दोनच वाक्यं बोलतो: "आवाजच येत नाही हो," आणि "पिकअप काय आहे!" दोन्ही खरी. पण ती टाटाच्या टियागो ईव्हीबद्दल जितकी खरी, तितकीच एमजीच्या विंडसरबद्दल, टाटाच्याच नेक्सॉन ईव्हीबद्दल आणि महिंद्राच्या बीई ६ बद्दलही. मोटर फिरायला लागल्या क्षणापासून पूर्ण जोर देते, मध्ये गिअर बदलायचे नसतात, इंजिनाची थरथर नसते. हा सगळा विजेचा गुण आहे. समोर उभी असलेली गाडी चांगली की वाईट, हे त्यातून कळत नाही.

सेल्समनला हे पक्कं माहीत असतं. तो तुम्हाला जवळच्या मोकळ्या रस्त्यावर नेतो, स्पोर्ट मोड लावतो आणि म्हणतो, "साहेब, दाबा आता!" तुम्ही दाबता, पाठ सीटला चिकटते, हसू येतं, आणि दहा मिनिटांत तुम्ही परत शोरूमच्या सोफ्यावर, हातात कॉफी, समोर बुकिंग फॉर्म. बारा-पंधरा लाखांचा निर्णय एवढ्यावर घेणारे लोक मी बरेच पाहिले आहेत. नात्यात आणि मित्रमंडळींत कोणी ईव्ही बघायला निघालं की सोबत जायचं काम हल्ली माझ्याकडे असतं, त्यामुळे हळूहळू एक पद्धत बसली आहे. ती इथे क्रमाने देतो. उदाहरणं पुण्याची आहेत, कारण मी इथे राहतो. तुम्ही आपापल्या गावचे रस्ते घाला.

फोनवरच ठरवायच्या गोष्टी

टेस्ट ड्राइव्हची वेळ घेताना पहिली अट सांगा: गाडीची बॅटरी ५० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान असू द्या. समोरचा माणूस थोडा गोंधळेल, कारण त्याला वाटतं फुल चार्ज गाडी देणं म्हणजे चांगली सेवा. पण बॅटरी पूर्ण भरलेली असते तेव्हा ब्रेक लावून परत येणारी वीज साठवायला तिच्यात जागाच नसते. मग गाडी हे वीज परत घेणं, म्हणजे रिजनरेशन किंवा थोडक्यात 'रिजन', कमी करते किंवा पूर्ण बंद करते, आणि ईव्हीचा जो भाग सगळ्यात नीट तपासायचा तोच तुम्हाला दिसत नाही. उलट १५-२० टक्क्यांच्या खाली काही गाड्या ताकदीवर लगाम घालतात. मधली पातळीच बरी.

दुसरी अट वेळेची. पाऊण तास तरी हवा, तासभर मिळाला तर उत्तम. शनिवार-रविवारी शोरूममध्ये रांग असते, तेव्हा मागच्या माणसासाठी तुम्हाला पिटाळतात. मधल्या वारी सकाळी जा. गाडी घरी आणून दाखवतात का, हेही विचारा. बरेच डीलर आणतात, आणि त्याचा फायदा पुढे सांगतो.

तिसरी गोष्ट, जी बहुतेक जण विचारत नाहीत: टेस्ट ड्राइव्हची गाडी कोणत्या बॅटरीची आहे? शोरूममध्ये सहसा वरचं मॉडेल ठेवतात आणि घरी येतं खालचं. ह्युंदाईच्या क्रेटा इलेक्ट्रिकमध्ये ४२ युनिटची आणि ५१.४ युनिटची (युनिट म्हणजे विजेच्या बिलावरचंच, किलोवॉट-अवर) अशा दोन बॅटऱ्या आहेत. लहान बॅटरीच्या गाडीची मोटर १३५ पीएसची (पीएस हे अश्वशक्तीचं माप), मोठीची १७१ पीएसची. म्हणजे फरक फक्त किती लांब जाईल एवढाच नाही, गाडी पळते कशी यातही आहे. जी घ्यायची तीच चालवा. ती नसेल तर दुसऱ्या डीलरकडे चौकशी करा.

आणि कोणी तासभर द्यायलाच तयार नसेल, तर त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा सेल्फ-ड्राइव्ह भाड्याने तीच गाडी एक दिवस घ्या. दोन-चार हजार जातील. पण भाड्याच्या गाडीसोबत सेल्समन येत नाही, हे मला त्या पैशांत स्वस्तच वाटतं.

जाताना लायसन्स बरोबर ठेवा. जो फॉर्म सह्या करायला देतात, त्यात गाडीला ओरखडा आला तर खर्च कोणाचा, हे वाचून मगच सही करा.

बसल्यावर, निघण्याआधी

आयुष्यभर क्लच दाबलेल्या माणसाने पहिलं काम करायचं ते डावा पाय बाजूच्या फूटरेस्टवर ठेवून विसरून जायचं. गडबडीत डावा पाय क्लच शोधायला पुढे येतो आणि रुंद ब्रेक पेडलवर आदळतो. मागून बाइक येत असेल तर प्रकरण महागात पडतं.

मग सेल्समनला चार गोष्टी दाखवायला सांगा: रिजन कमी-जास्त कसं करायचं, ड्राइव्ह मोड कुठे आहेत, ट्रिप मीटर शून्यावर कसा आणायचा, आणि दर किलोमीटरला किती वीज खाल्ली हे कुठे दिसतं. तो या गोष्टी किती सहज दाखवतो यावरून गाडीची मांडणी कळते. नेक्सॉन ईव्हीत रिजन स्टिअरिंगमागच्या पॅडलवर आहे, बोटाने बदलता येतं. काही गाड्यांत तेच काम टचस्क्रीनच्या आत दोन पायऱ्या उतरून करावं लागतं. घाट उतरताना स्क्रीनमध्ये बोट घालत बसणं मला तरी पटत नाही. तुमचं मत वेगळं असू शकतं, पण मत बनवायची जागा हीच.

एसी २४ वर लावा आणि तसाच राहू द्या. म्युझिक बंद. मोड इको किंवा सिटी, म्हणजे जो तुम्ही रोज वापराल तो. ट्रिप मीटर शून्य करा.

डॅशबोर्डवर मोठ्या आकड्यात रेंज दिसेल. घरचे लगेच विचारतील, "किती दाखवतेय?" त्या आकड्यावर आत्ता विश्वास ठेवू नका. तो आधीच्या चालवण्यावरून काढलेला अंदाज असतो, आणि आधी ही गाडी दिवसभर वेगवेगळ्या हौशी लोकांनी दाबून दाबून पळवलेली आहे. त्यामुळे आकडा तुमच्या वापरापेक्षा बराच कमी दिसू शकतो.

गल्ली, स्पीडब्रेकर आणि तीन टप्प्यांत वळण

शोरूमच्या गेटमधून बाहेर पडून थेट मोठ्या रस्त्याला लागू नका. आधी अरुंद गल्लीत शिरा. ब्रेकवरचा पाय उचलला की गाडी आपोआप हळूहळू पुढे सरकते का ते बघा. काही ईव्हींत हे सरकणं असतं, काहींत नसतं, काहींत ते चालू-बंद करता येतं. सिंहगड रोडच्या संध्याकाळच्या गर्दीत रोज तासभर काढणाऱ्याला हा मुद्दा गाडी शून्यावरून शंभरचा वेग किती सेकंदांत गाठते या आकड्याहून मोठा आहे.

मग अरुंद जागा बघून गाडी तीन टप्प्यांत वळवा: पुढे, मागे, पुढे. साध्या गिअरच्या दांड्याऐवजी आता फिरवायचा नॉब, बटण किंवा स्टिअरिंगमागची दांडी असते. डी वरून आर वर जाताना गाडी क्षणभर विचार करते का? रिव्हर्स टाकल्यावर कॅमेऱ्याचं चित्र लगेच येतं की काळी स्क्रीन बघत थांबावं लागतं? चकचकीत रस्त्यावर हे कधीच कळणार नाही.

गल्लीत अजून एक गोष्ट जाणवेल: लोक बाजूला होत नाहीत. भाजीची गाडी ढकलणारा, मोबाइलवर बोलणारी मुलं, सावलीत झोपलेलं कुत्रं, कोणालाच तुम्ही आल्याचा पत्ता नसतो. काही गाड्या कमी वेगात मुद्दाम गुणगुणल्यासारखा आवाज काढतात. तुम्ही बघताय त्या गाडीत ती सोय आहे का, हे विचारा. नाहीतर हॉर्नवरचा हात सांभाळून वापरायची सवय लावावी लागेल.

स्पीडब्रेकर आणि खड्डे निवडून निवडून घ्या. तळाशी तीन-चारशे किलोची बॅटरी असल्याने सस्पेन्शन ताठ ठेवावं लागतं, आणि कमी वेगात खड्ड्यांचा धक्का आत येतो. इंजिनाचा आवाज नसल्यामुळे प्लॅस्टिकची खडखड, एसीच्या पंख्याचा आवाज, सस्पेन्शनची धडधड हे सगळं स्पष्ट ऐकू येतं. पहिल्या पाच मिनिटांत ज्या शांततेचं कौतुक वाटतं, तीच शांतता विसाव्या मिनिटाला गाडीच्या चुगल्या सांगायला लागते.

रिजन: इथे घाई करू नका

टेस्ट ड्राइव्हची निम्मी वेळ मी यावर घालवायला सांगतो. ॲक्सिलरेटरवरून पाय उचलला की मोटर उलटं काम करते, जनित्र बनते, गाडी मंदावते आणि वीज बॅटरीत परत जाते. हे किती जोरात व्हावं ते तुम्ही ठरवता; सहसा शून्य ते तीन अशा पायऱ्या असतात, आणि काही गाड्यांत एका पेडलवर गाडी पूर्ण थांबवण्याची सोयही असते. ह्युंदाई तिला आय-पेडल म्हणते, महिंद्रा सिंगल पेडल ड्राइव्ह.

शून्यापासून सुरू करा. गाडी पेट्रोलच्या गाडीपेक्षाही मोकळी घरंगळेल, कारण इंजिन ब्रेकिंग नाही. मग एकेक पायरी वाढवा आणि प्रत्येक पायरीवर दोन सिग्नल तरी घ्या. वरच्या पायरीवर पाय एकदम उचललात तर गाडी खाली वाकते. पाय हळू, मोजून उचलायला शिकावं लागतं. हे हाताळायला दोन-तीन दिवस लागतात, त्यामुळे पहिल्याच दिवशी "मला नाही जमत" म्हणू नका. बघायचं ते हे की पायाच्या छोट्या हालचालीला गाडी तेवढाच छोटा प्रतिसाद देते का, की झटका मारते.

खरी परीक्षा ब्रेक पेडलची. साधारण चाळीसच्या वेगावरून ब्रेक हळू दाबत गाडी थांबवा. सुरुवातीला मोटर गाडी अडवते, शेवटच्या टप्प्यात चाकाचे ब्रेक पकडतात, आणि एकाकडून दुसऱ्याकडे काम सोपवलं जातं ती जागा पायाला कळू नये. चांगल्या गाडीत कळत नाही. काहींमध्ये शेवटच्या आठ-दहाच्या वेगाला एक हिसका येतो, किंवा पेडल मध्येच सैल लागतं. हे सहा-सात वेळा करून बघा. कंपनीच्या माहितीपत्रकात याबद्दल एक अक्षर नसतं, आणि तुम्ही रोज शंभर वेळा हेच करणार आहात.

सोबत मागे कोणी बसलं असेल आणि त्यांना गाडी लागत असेल, तर त्यांना विचारा. जोरदार रिजनमध्ये सतत पुढे-मागे हेलकावे बसतात आणि मागच्या माणसाला मळमळायला लागतं. चालवणाऱ्याला कधीच नाही.

चढ आणि उतार

पुण्यात कात्रजचा जुना घाट सोयीचा. ठाण्याचे लोक घोडबंदरला गायमुखच्या चढावर जाऊ शकतात, कोल्हापूरकर पन्हाळ्याच्या वाटेवर, पणजीत आल्तिनोच्या उतारावर काम होतं. नागपूरकरांना उड्डाणपुलाच्या चढावर समाधान मानावं लागेल.

चढावर गाडी थांबवून परत काढा. मागे घसरते का? हिल होल्ड किती वेळ धरून ठेवतो? हे झालं की उतरताना रिजनच्या वरच्या पायरीवर या आणि डॅशबोर्डवरचा वीज परत येतानाचा काटा बघा. पूर्ण घाट ब्रेकला पाय न लावता उतरता आला, तर गाडीचं रिजन दमदार आहे.

चढाचा खर्च किती, याबद्दल लोकांच्या मनात उगाच भीती किंवा उगाच बेफिकिरी असते, म्हणून एकदा हिशेब करू. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या आसपास. म्हणजे चढ सुमारे ८०० मीटर. पाच माणसं आणि सामान धरून गाडीचं वजन १९०० किलो धरलं, तर एवढं वजन तेवढं वर उचलायला चार युनिटच्या थोडं वर ऊर्जा लागते. मोटरमधली गळती धरून साडेचार-पाच युनिट म्हणू. सपाट रस्त्यावर एवढ्या विजेत गाडी तीस-पस्तीस किलोमीटर जाते. म्हणजे १२० किलोमीटरचा प्रवास बॅटरीच्या दृष्टीने दीडशेच्या पुढचा. वाटेत खंबाटकीचा घाट लागतो, त्याची थोडी भर. उतरताना यातला काही भाग परत येतो, सगळा नाही.

यातून एक व्यवहारी गोष्ट निघते. महाबळेश्वरला, किंवा पुढे मुंबईकडे उतरायचं असेल तर लोणावळ्याला, रात्री मुक्कामाला गाडी चार्जिंगला लावली तर १०० टक्के करू नका. सकाळी निघाल्या निघाल्या घाट उतरायचा असतो आणि भरलेल्या बॅटरीत परत येणारी वीज मावत नाही. सगळा भार ब्रेकवर येतो. ८५-९० वर थांबवलं की बास.

हायवेचा तुकडा

पंधरा मिनिटं तरी ८० ते १०० च्या वेगात मिळायला हवीत. लहान ईव्ही साठपर्यंत झकास पळतात आणि नंतर त्यांचा दम कमी होत जातो, म्हणून पिकअप बघायचा तो सिग्नलवरून सुटताना नव्हे. सातारा रोडला समोर एसटी आहे, तुम्ही ७५ ला आहात, तिला मागे टाकून शंभरला जायचंय. गाडी तिथे किती चटकन हलते ते बघा. आणि हे इको मोडमध्ये करून बघा, कारण गडबडीत मोड बदलायला हात जात नाही.

शंभरला टायरचा आणि वाऱ्याचा आवाज ऐका. स्टिअरिंग सरळ रेषेत स्थिर राहतं का? लेन सांभाळणारी यंत्रणा असेल तर ती चालू करून बघा, आणि ती बंद करायला किती टॅप लागतात हेही. आपल्याकडचे पुसलेले पट्टे आणि उलट्या दिशेने येणारी बाइक बघून ती कधी कधी भलतंच स्टिअरिंग ओढते.

याच तुकड्यात विजेचा खर्च कसा चढतो ते स्वतः बघून घ्या. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. ८० वरून १०० वर गेलात की तेवढा एक भाग दर किलोमीटरला ५६ टक्क्यांनी वाढतो. मीटरवरचा आकडा डोळ्यांदेखत बदलतो. समृद्धी महामार्गावर १२० ला परवानगी आहे म्हणून त्या वेगाने नागपूरची वाट धरणाऱ्या ईव्हीवाल्याला चार्जर जास्त वेळा का शोधावा लागतो, हे इथेच कळतं.

आता मीटर काय सांगतो

कंपनीची रेंज एमआयडीसी (मॉडिफाइड इंडियन ड्रायव्हिंग सायकल) या भारतीय चाचणीतली असते. रोलर्सवर, एसी बंद ठेवून, ठरलेल्या आराखड्यानुसार चालवलेली. वेगाची कमाल ताशी ९० किलोमीटर, आणि तीही थोडाच वेळ. ४५ युनिटच्या नेक्सॉन ईव्हीचा या चाचणीतला आकडा ४८९ किलोमीटर आहे, पण खुद्द टाटा बहुतांश ग्राहकांना प्रत्यक्षात मिळेल अशी रेंज साडेतीनशेच्या थोडी पुढे सांगते. बाकीच्या गाड्यांनाही साधारण हाच नियम लावा: छापील आकड्याचे दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश.

टेस्ट ड्राइव्हमध्ये रेंज मोजायची तर टक्केवारीकडे बघून उपयोग नाही. ४५ युनिटच्या बॅटरीचा एक टक्का म्हणजे साधारण तीन किलोमीटर. सहा किलोमीटरच्या फेरीत दोन टक्के जातील, आणि ते दोन टक्के खरे दीड होते की अडीच, हे तुम्हाला कळणार नाही. म्हणूनच सुरुवातीला ट्रिप मीटर शून्य केला. वीस-पंचवीस किलोमीटर झाल्यावर सरासरी बघा. कुठे ती 'वॉट-अवर प्रति किलोमीटर' अशी दिसते, कुठे 'किलोमीटर प्रति युनिट'. १४० वॉट-अवर प्रति किलोमीटर म्हणजे एका युनिटला सात किलोमीटर. मग गुणाकार सोपा: सात गुणिले बॅटरीचे युनिट. त्यातले तळाचे दहा-पंधरा टक्के राखीव समजा, कारण तिथपर्यंत कोणी शांत मनाने चालवत नाही.

शहरातल्या कोंडीबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो की गाडी अडकली की बॅटरी संपेल. उभ्या गाडीची मोटर काही खात नाही. एसी एकदा गाडी थंड झाली की तासाला साधारण एक युनिट घेतो, भर उन्हात सुरुवातीला जास्त. दोन तास अडकलात तर दोन-तीन युनिट. पेट्रोल गाडीला तासाला किती जातं ते आठवा आणि निवांत बसा.

मागच्या सीटवर

चालवून झालं की चावी सोबतच्या माणसाला द्या आणि मागे बसा. बॅटरी फरशीखाली असते, त्यामुळे अनेक गाड्यांत फरशी उंच आणि सीट त्या मानाने खाली. गुडघे वर येतात, मांड्या अधांतरी राहतात. दहा मिनिटांत जाणवत नाही, कोकणात जाताना तिसऱ्या तासाला जाणवतं. मुळात पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि नंतर बॅटरी बसवलेल्या गाड्यांत हे जास्त. सुरुवातीपासून ईव्ही म्हणूनच घडवलेल्यांत कमी. पुढच्या सीटखाली पाय सरकतात का तेही बघा. घरात ज्येष्ठ कोणी असतील तर त्यांना सोबत न्याच. चढता-उतरताना गुडघ्याला त्रास होतो का, हे त्यांच्याशिवाय कोण सांगणार. डिकी उघडून स्टेपनी आहे का बघा. अनेक ईव्हींत ती नसते, फक्त पंक्चर किट देतात. दिवेआगरच्या वाटेवर टायरची कड फाटली तर किटचा उपयोग नाही.

चार्जरची गन हातात घ्या

शोरूममध्ये चार्जर असतो. दाखवा म्हणू नका; मला लावू द्या म्हणा. डीसी म्हणजे फास्ट चार्जरच्या गनची (गाडीत लावायच्या प्लगची) केबल जाड आणि जड असते. चार्जिंगचं झाकण गाडीच्या कुठल्या बाजूला आहे, यावर तुम्ही चार्जरसमोर सरळ लावणार की उलटी, हे ठरतं. पंच ईव्हीत ते पुढच्या नाकावर आहे, नेक्सॉनमध्ये मागच्या बाजूला, पेट्रोलच्या झाकणाच्या जागी. गन लॉक होते, सुटत नाही तेव्हा काय करायचं, तेही विचारून ठेवा.

चार्जरवर ६० किलोवॉट लिहिलं म्हणून गाडी तेवढं घेईलच असं नाही. ५० किलोवॉटच्या चार्जरवर क्रेटा इलेक्ट्रिक १० ते ८० टक्के व्हायला कंपनीच्या सांगण्यानुसार ५८ मिनिटं लागतात. बीई ६ ला २० ते ८० टक्के वीस मिनिटांत होता येतं, पण त्यासाठी १७५-१८० किलोवॉटचा चार्जर हवा, आणि तो तुमच्या वाटेवर आहे का हा प्रश्न वेगळा. एमजीच्या छोट्या कॉमेटला डीसी चार्जिंगच नाही. ती शहराची गाडी आहे आणि तशीच बघावी. पुणे-कोल्हापूर, पुणे-नाशिक, जो तुमचा नेहमीचा रस्ता, त्यावर आत्ताच्या गाडीतून एकदा जा आणि चहाला थांबाल तिथला चार्जर चालू आहे का ते डोळ्यांनी बघा. ॲपवर हिरवा ठिपका दिसणं आणि गन प्रत्यक्ष वीज देणं यात कधी कधी अंतर असतं.

गाडी तुमच्या बिल्डिंगमध्ये आणा

घरी टेस्ट ड्राइव्ह मिळाली तर हा खरा फायदा. पार्किंगच्या रॅम्पवर पाच माणसं बसवून उतरा. पोट घासतं का? घासत असेल तर तिथे बॅटरीचं आवरण आहे, साधा पत्रा नाही. तुमच्या जागेत दार पूर्ण उघडतं का? चार्जिंगचं झाकण भिंतीकडे येतं की बाहेर?

मग सॉकेट. १६ अँपिअरच्या सॉकेटवर गाडी साधारण ३.३ किलोवॉटने चार्ज होते. ४५ युनिटची बॅटरी रिकामी ते पूर्ण व्हायला चौदा-पंधरा तास. ७.२ किलोवॉटच्या भिंतीवरच्या चार्जरला सात तास पुरतात, पण त्याला ३२ अँपिअरची लाइन लागते. महावितरणच्या बिलावर 'मंजूर भार' छापलेला असतो, तो आधी बघा. वायर जुनी असेल तर रात्रभर सलग चालणारा हा भार तिला झेपणार नाही, आणि अर्थिंग नीट नसेल तर गाडी चार्जिंगच नाकारते. इलेक्ट्रिशियनला टेस्ट ड्राइव्हच्याच दिवशी बोलावलंत तर गाडीचाच चार्जर लावून खात्री होते.

महिना हजार किलोमीटर चालवणाऱ्याच्या मीटरवर दीडशे-एकशे साठ युनिट वाढतात. घरच्याच मीटरवर घेतले तर तुम्ही महावितरणच्या वरच्या स्लॅबमध्ये जाता आणि सगळं गणित बिघडतं. ३०० च्या पुढच्या युनिटचा दर बघा म्हणजे कळेल. ईव्हीसाठी वेगळी जोडणी घेता येते. सोसायटीत त्यासाठी कमिटीशी बोलावं लागतं, आणि माझा सल्ला असा की ते बोलणं बुकिंगच्या आधी करा. सचिव एकदा हो म्हणाले की ते लेखी घ्या.

दुसरी गाडी, तोच रस्ता

पेट्रोल गाडीतून उतरून ईव्हीत बसलेल्याला कुठलीही ईव्ही भारीच वाटते. दोन ईव्हींमधला फरक कळायचा तर त्या पाठोपाठ चालवाव्या लागतात: तोच रस्ता, तोच एसी, शक्य तर तीच वेळ, एकाच आठवड्यात. प्रत्येकीनंतर मोबाइलवर चार ओळी लिहा: सरासरी वीज किती, ब्रेकचा शेवटचा टप्पा कसा, मागे बसणारा काय म्हणाला, चिडचिड कशाची झाली. ही शेवटची ओळ सगळ्यात उपयोगी. पिकअपचं कौतुक महिन्याभरात ओसरतं, पण दर सकाळी दोनदा टॅप केल्याशिवाय बंद न होणारा इशारा पाच वर्षं तसाच वाजत राहतो.

सेल्समन दर दोन दिवसांनी फोन करेल, ऑफर महिनाअखेर संपते म्हणेल. पुढच्या महिन्यात बहुधा दुसरी येते. बॅटरीची वॉरंटी मात्र त्याच्या तोंडून ऐकू नका. आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर हा नेहमीचा आकडा आहे, काही कंपन्या पहिल्या मालकाला त्याहून जास्त देतात. क्षमता किती टक्क्यांच्या खाली गेली तर बदलून देणार आणि गाडी विकली तर पुढच्या मालकाला काय मिळणार, हे वॉरंटीच्या पुस्तिकेत बघा. बॅटरी भाड्याने घेण्याची योजना असेल तर दर किलोमीटरचं भाडं आणि महिन्याचे किमान किलोमीटर विचारा. आणि बुकिंगची रक्कम रद्द केल्यास किती दिवसांत परत मिळते, ते पावतीवरच लिहून घ्या.